बैल दांडगा, डोण वासराची

श्रोतेहो, आमच्या घरी एक ट्रक होता. टाटा १२१०. या आकड्यातच गाडीची ओळख असते, हे अब्बांनी मला लहानपणी शिकवलं होतं. पहिले दोन आकडे म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन, बारा टन. पुढच्या दोन आकड्यांना दहाने गुणायचं, म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. इंजिनाच्या नावाचंही तसंच. आमच्या गाडीत '६९२' होतं. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ मध्ये संपला आणि समोरच्या जाळीवर ताऱ्याऐवजी 'टी' आला. पण इंजिनाचं घराणं पुढेही चालत राहिलं. आमचं त्याच घराण्यातलं.

१९९६ साली ते इंजिन थकलं. तेल प्यायला लागलं, धूर टाकायला लागलं. तेव्हा अब्बांना एका पलटी झालेल्या ट्रकचं टर्बो इंजिन स्वस्तात मिळालं. ते '६९७', म्हणजे व्यास ९७ मिलिमीटर. ऐकायला पाचच मिलिमीटरचा फरक, पण त्यातून सुमारे १३० अश्वशक्ती मिळायची. त्या ट्रकचा रेडिएटर मात्र चेपून गेला होता. मिस्त्री म्हणाले, "चाचा, मोठा रेडिएटर घ्यावा लागेल."

घरातला हिशेब मी लिहायचो. मी बीए झालेला, त्यामुळे वही माझ्याकडे. इंजिन, फाउंडेशन, क्लच, मजुरी, सगळं मांडलं आणि बेरीज पाहून रेडिएटरच्या आकड्यावर काट मारली. "जुना आहे की. पाणीच तर भरायचंय त्यात," मी म्हणालो. अब्बा काही बोलले नाहीत. शिकलेल्या मुलाच्या वहीवर त्यांचा विश्वास होता. पुढे मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी काढली, आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवला. कागद चोख झाले.

गाडी सपाटीला अशी पळायची, की अब्बा पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसायचे. हिवाळा निघाला. मग मे महिना आला.

धुळ्याकडून येताना चाळीसगाव सोडलं, की औट्रम घाट लागतो. आपण त्याला कन्नडचा घाट म्हणतो. गाडीत सरकीची पेंड भरलेली, दुपारची वेळ, मराठवाड्याचं ऊन. अब्बांच्या शेजारी क्लीनर होता, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. निम्म्या घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. अब्बांनी गाडी कडेला घेतली आणि चाकाला दगड लावायला ते मागे गेले. पोराला वाटलं, आपण तोवर पाणी घालू. त्याने फडका धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानही भाजली. एका जीपवाल्याने त्याला कन्नडला पोचवलं, तिथून शहरात आणलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याची आई बाहेर बाकावर बसली होती. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. अब्बांना तिने फक्त विचारलं, "भाऊ, तुम्हाला तर काही झालं नाही ना?" तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

श्रोतेहो, त्या दिवशी काय चुकलं, ते समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणारे आजही भेटतात, म्हणून ते सांगतो.

डिझेल जळून जी उष्णता निघते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त चाकं फिरवायला लागतो. बाकीची सायलेन्सरमधून बाहेर जाते, नाहीतर इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. १३० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चालतं, तेव्हा पाण्यात उतरणारी उष्णता घरातल्या दोन किलोवॉटच्या तीसेक गिझरइतकी असते. हे तीस गिझर एकाच वेळी चालू आहेत, आणि त्यांची सगळी उष्णता समोरच्या एका जाळीतून वाऱ्यावर सोडायची आहे. टर्बो जास्त हवा कोंबतो, म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून ताकद वाढते. पण ताकदीबरोबर उष्णताही वाढते. एक वाढवून दुसरी तेवढीच ठेवता येत नाही.

घाटात ही अडचण दुप्पट होते. चढावर इंजिन सर्वांत जास्त राबतं आणि गाडी सर्वांत हळू चालते. समोरून येणारा वारा जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त पंख्यावर. आणि आमच्या पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर मिस्त्रींनी काढून टाकला होता, कारण नव्या इंजिनाने पंखा थोडा सरकला आणि पाती घासायला लागली. तो घेर नसला की पंखा जाळीतून ताजी हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच गोल गोल फिरवत बसतो.

रेडिएटरच्या कारागिराने आमचा जुना रेडिएटर उघडला. वरची टाकी डाग काढून सुटी केली आणि मला आत बघायला सांगितलं. पितळी नळ्यांच्या तोंडावर पांढरा थर होता. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार. तिसरा हिस्सा नळ्या बंदच होत्या. तो हसून म्हणाला, "दादा, बैल दांडगा आणलात, डोण मात्र वासराचीच ठेवलीत. तीपण अर्धी बुजलेली."

मग त्याने एकेक गोष्ट नीट केली. तीन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळींची जाळी बसवली. पंख्याला नवा घेर करून दिला, पाती निम्मी आत, निम्मी बाहेर राहतील असा. वॉटर पंप तपासला, ढिला बेल्ट बदलला, मऊ पडलेले होज पाइप फेकले. साध्या पाण्याऐवजी कूलंट घालायला सांगितलं, म्हणजे गंज आणि क्षार दोन्ही आवरतात. थर्मोस्टॅट आमच्या मिस्त्रींनी काढून टाकला होता. 'गाडी तापते तर काढा थर्मोस्टॅट' हा बऱ्याच गॅरेजमधला सल्ला. तो त्याने परत बसवला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला, की पाणी रेडिएटरकडे न जाता जवळच्या वाटेने पुन्हा इंजिनात फिरतं. म्हणजे औषध म्हणून केलं, तेच दुखणं होतं.

शेवटी त्याने समोरची पाटी काढायला लावली. अब्बांनी हौसेने करून घेतलेली, ७८६ लिहिलेली, रंगीत वेलबुट्टीची मोठी पाटी. ती जाळीचा पाव भाग झाकत होती. अब्बांनी ती स्वतःच्या हाताने उतरवली आणि केबिनच्या आत लावली.

पाणी भरताना तो इंजिन चालू ठेवून, वरचा पाइप दाबून दाबून आतली हवा काढत होता. मला पाणचक्की आठवली. १६१० मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने या शहरात नहरीने पाणी आणलं. पुढच्या नहरींवर, पाणचक्कीच्याही, ठिकठिकाणी विटांचे उंच बंब आहेत. बंद नळात हवा कोंडली तर पाणी अडतं, म्हणून तिला वाट ठेवलेली. ट्रकचा रेडिएटर आणि आपली नहर यांचं गणित एकच आहे. पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात मी उन्हाळ्यात कितीदा बसलो असेन. वर पाणी आणि खाली गारवा. उष्णता वाहून न्यायला पाणी लागतं, आणि पाण्याला वाहायला मोकळी वाट लागते, हे या शहराला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच शिकलो नव्हतो.

आता झाकणाविषयी. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं. ते पाणी दाबाखाली ठेवतं. बाहेरच्या हवेच्या दाबात आणखी निम्म्या दाबाची भर पडली, तर पाणी १०० ऐवजी साधारण १११ अंशांवर उकळतं. त्यामुळे काटा लाल पट्ट्यात असताना आतलं पाणी शंभराच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि त्या क्षणी ते सगळं उसळून वाफेसह बाहेर येतं. फडक्याने ते अडत नाही. गाडी तापली तर थांबा, सावलीत बसा, वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. निवल्यावरही झाकण आधी थोडं सैल करा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. आणि तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

हे सगळं मला आणि अब्बांना माहीत असायला हवं होतं, आणि त्या मुलाला आम्ही सांगायला हवं होतं. तो गाडीवर आला त्या पहिल्या दिवशी आम्ही त्याला ताडपत्री बांधायला शिकवलं, टायर ठोकून बघायला शिकवलं. झाकणाबद्दल कुणी बोललं नाही.

मी कवी आहे. आग, धग, चटका हे शब्द मी ओळींमध्ये बरेच वापरलेत. त्या वर्षानंतर ते लिहिताना हात थांबतो.

तो मुलगा बरा झाला. अब्बांनी त्याला पुढे ड्रायव्हिंग शिकवलं. नव्या रेडिएटरने पुढच्या उन्हाळ्यात भरली गाडी तोच कन्नडच्या घाटातून वर घेऊन आला, अब्बा शेजारी बसले होते. काटा मध्यावर राहिला. आज अब्बा नाहीत, तो ट्रकही भंगारात गेला. त्याची मात्र स्वतःची गाडी आहे. भेटला की अजून चहा पाजतो. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो.

ती वही माझ्याकडे आहे. रेडिएटरच्या आकड्यावरची काट अजून दिसते. मुलांना, नातवंडांना गाडी घेऊन देणाऱ्या माणसांना, शेतात मोठी मोटर बसवणाऱ्यांना, कुणालाही मी एवढंच विचारतो. ताकद वाढवताय, चांगलं आहे. पण तिची उष्णता कुठे जाणार, ते हिशेबात धरलंय का? नसेल, तर ती कुणाच्या तरी हातावर येते. आणि तो हात बहुधा वही लिहिणाऱ्याचा नसतो.