फार्मसीचे ५०० तास

पारनेर तालुक्यातलं सुपा असो की आणखी कुठलं गाव, गोळी कधी घ्यायची हे माणसं मेडिकलवाल्यालाच विचारतात. म्हणून डी. फार्मसीच्या विद्यार्थ्याला नोंदणीआधी रुग्णालयात किंवा परवानाधारक मेडिकलमध्ये किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेही ३ महिन्यांहून कमी काळात उरकता येत नाही. त्यातले निदान २५० तास चिठ्ठीनुसार औषध देण्याचे. डॉक्टरांचं अक्षर लावणं, मात्रा पडताळणं, औषधाची मुदत बघणं, ‘उपाशीपोटी की जेवणानंतर’ हे आजींना उमजेपर्यंत सांगणं. हे नुसत्या पुस्तकातून येत नाही. मगच महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. विद्यार्थीमित्रांनो, हे तास केवळ सही-शिक्क्यावर भरू नका. काउंटरपाशी उभे राहून शिका.