साध्या खुर्चीची गोष्ट

श्रोतेहो, चुडाव्याला लग्नाच्या मांडवात जा. पंगत उठली की दोन पोरे येतात, प्लास्टिकच्या खुर्च्या एकीत एक घालून माणसाच्या उंचीचा ढीग रचतात. पाच मिनिटांत मांडव मोकळा! साच्यातून निघणाऱ्या या खुर्चीच्या पूर्वजांत एका इंग्रज खुर्चीचा मान मोठा आहे. रॉबिन डे यांनी ती १९६३ साली आणली. पाठ आणि बैठक मिळून पॉलिप्रॉपिलीनचा एकच तुकडा, खाली पोलादी नळीचे पाय. शाळांत, सभागृहांत अशा कोटीहून अधिक खुर्च्या गेल्या. २००९ साली ब्रिटिश टपालखात्याने तिचे तिकीटही काढले. आपल्या मांडवातलीचे पाय मात्र प्लास्टिकचेच. उन्हात पडून राहिली की तडकतात.

त्या काळातले इंग्रजी सामान लोक आजही हौसेने, चढ्या भावाने घेतात. का बरे? ते तर टंचाईतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धात लाकूड मिळेना, म्हणून १९४२ साली तिथल्या सरकारने ठरावीक नमुन्यांचेच सामान करायचे ठरवले. नवी जोडपी आणि बॉम्बने घर गेलेली कुटुंबे यांना ते आधी, परवान्यावर मिळे. नक्षी नाही, उगीचचे लाकूड नाही. १९४४ साली हाय विकम गावी लुशियन अर्कोलानी यांच्या कारखान्याला एक लाख स्वस्त खुर्च्यांचे काम मिळाले. एल्मचे लाकूड वाळताना पिळवटते, म्हणून कारखानदार ते टाळत. अर्कोलानींनी ते नीट वाळवण्याची युक्ती काढली आणि बैठकीला वापरले. पाय बैठकीच्या आरपार काढायचा, वरून पाचर मारायची. बसणाऱ्याच्या वजनाने सांधा आणखी घट्ट होतो.

अहो, ही पाचर आपल्याला का नवी? कुऱ्हाडीच्या दांड्याला आपण तीच मारतो. पण वेत फाटला एवढ्यावरून आजोबांची सागवानी खुर्ची आम्ही भंगारात घातली, आणि दाबलेल्या भुशाच्या फळीचे टेबल-खुर्ची आणली. एका पावसाळ्यात फळी फुगली. खिळा धरीना. सागवानी खुर्चीला फक्त नवा वेत हवा होता, बघा! ते तेव्हा सुचले नाही, हे मला अजून लागते.

गुरुजी, तुमच्या शाळेच्या अडगळीत एखादी जुनी लाकडी खुर्ची असेल. ती वर्गात उलटी ठेवा. सांधा कुठे, पाचर कुठे, खिळे किती, हे पोरांना मोजू द्या. आणि गावच्या सुतारमामांना एक दिवस बोलवा. डुगडुगत्या पायात नवी पाचर कशी बसवायची, ते पोरांदेखत दाखवतील.