जात्यावरचा आवाज आणि घरचा संगणक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहाखातर मी आज आपल्यापुढे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण घरच्या फोनवर वडीलधाऱ्या बायकांच्या ओव्या कशा भरून घ्याव्यात, व त्या मुलांच्या संगणकावर कशा नीटनेटक्या कराव्यात, हे मी गेल्या दोन वर्षांत शिकले. जे हाताने केले तेवढेच सांगते.

आधी हे कशासाठी, ते बोलू. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, आपले कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण पहाटेचे जाते थांबले, तशी त्याबरोबरची ओवीही थांबली. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज तो ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांसाठी खुला आहे. केवढे हे काम! परंतु आपल्या घरातल्या आजीची ओवी त्यात असेलच असे नाही. ती आपणच जपली पाहिजे.

आता कृती सांगते. जागा शांत निवडावी; पंखा बंद करावा, कुकर चढवू नये. फोन विमान-मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच घंटी वाजत नाही. आवाज घेणारे बारीक छिद्र बहुधा फोनच्या खालच्या कडेला असते. त्यावर बोट येऊ देऊ नये. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, गाणारीपासून हात-दीड हातावर ठेवावा. सुरुवातीस तिचे नाव, माहेर-सासरचे गाव व तारीख तिच्याच तोंडून म्हणवून घ्यावी. कागद हरवतो, आवाजातच भरलेले नाव हरवत नाही.

मग फोन वायरीने संगणकाला जोडून फाइल उतरवून घ्यावी. व्हॉट्सॲपवर आवाज-संदेश म्हणून धाडल्यास आवाज दाबला जातो व त्याचा कस उतरतो. उतरवल्याबरोबर तिची दुसरी प्रत करावी. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. कापाकापी करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

त्यासाठी 'ऑडॅसिटी' नावाची विनामूल्य सोय आहे. ती सन २००० पासून लोकांच्या हाती आहे. तीत आवाजाचे चित्र दिसते. बोलणे असेल तेथे उंच कंगोरे, शांतता असेल तेथे सपाट रेघ. नको असलेला भाग माउसने निवडावा व पुसावा. चुकले तर कंट्रोल आणि झेड ही बटणे एकदम दाबावीत. पुसलेले परत येते. काही फोनांची एम-फोर-ए फाइल तीत सरळ उघडत नाही. 'एफएफएमपेग' हे जोडसाधन घातले की उघडते.

पण भगिनींनो, काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हे संगणकाला कळत नाही. फ्रीजची घरघर काढण्यासाठी 'नॉइज रिडक्शन' आहे. जेथे नुसती घरघर आहे असा एक-दोन सेकंदांचा तुकडा नमुना म्हणून द्यावा, मग सगळा आवाज निवडून तीच सोय पुन्हा लावावी. सासूबाईंचे जाते आमच्याकडे अजून आहे. लग्नाची हळद दळायला निघते. त्यावर बसून त्यांनी चाळीस मिनिटे ओव्या म्हटल्या. माझ्या मुलाने गाणे सुरू होण्याआधीचा तुकडा नमुना म्हणून देऊन एका प्रतीवर हा प्रयोग करून दाखविला. आवाज पाण्यासारखा निवळला. सासूबाईंनी ऐकले आणि विचारले, "अगं, मी दळत नव्हते का?" त्या तुकड्यात नुसती जात्याची घरघर होती, संगणकाने इमानेइतबारे जाते पुसून टाकले होते! आम्ही ती प्रत बाजूला केली. तसेच दोन ओव्यांमधली उसंत कापू नये. जात्यात मूठभर दाणे घालण्याएवढी ती उसंत असते.

दुसरी गोष्ट परवानगीची. जी गोष्ट बाई चारचौघांत बोलत नाही, ती ती जात्याला सांगते. एका ओवीत सासूबाईंनी आपल्या जावेवरचा जुना राग गायिला होता. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "सूनबाई, ही घरातच राहू दे. ती बिचारी आता नाही." नातेवाइकांना पाठवलेल्या प्रतीतून मी ती ओवी काढली, मूळ प्रतीत ती आहे. कात्रीचा खरा उपयोग मला तेथे पटला. आवाज माणसाचा असतो, फोन आपला असला तरी.

शेवटी साठवण. जपून ठेवायची प्रत 'वेव्ह' प्रकारची असावी; एकेरी आवाजास मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. पाठविण्यास 'एम-पी-थ्री' करावी. मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट पुरते. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा बहिणीकडे. फोन पडतो, संगणक बिघडतो. तिन्ही ठिकाणे एकाच दिवशी बुडत नाहीत.

माझी आपणां सर्वांस एकच विनंती. पुढील वर्धापनदिनास येताना प्रत्येकीने आपल्या घरातील अथवा आळीतील एका वृद्ध बाईचा आवाज, तिच्या संमतीने, बरोबर आणावा. उद्या करू म्हणू नये. पीठ उद्या दळता येईल. ओवी म्हणणारी उद्या असेलच असे नाही.