अंगठ्याचं नख आणि गावातली नाली

(महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली बावीस वर्षं शासनाच्या नोकरीत उपयंत्री आहे. बोलायची सवय म्हणाल तर फक्त ठेकेदारांशी! म्हणून आधी तुम्हालाच थोडं काम लावतो.

दोन्ही हात समोर ताठ करा. अंगठे वर, एकमेकांना चिकटून. आता डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा. नजर हलवायची नाही. उजवा हात हळूहळू उजवीकडे न्या. साधारण वीतभर अंतर पडलं की उजव्या अंगठ्याचं नख नाहीसं होईल. झालं? मागच्या रांगेत कुणीतरी "अरे!" म्हणालं, म्हणजे झालं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यातून जिथे मज्जातंतू बाहेर पडतो, तिथे दृष्टीच नसते. सतराव्या शतकात मारिओत नावाच्या फ्रेंच माणसानं हे दाखवून दिलं. पण मौज पुढेच आहे. नख गेलं तिथे तुम्हाला काळं भोक दिसलं का? नाही. मागची भिंत सलग दिसली. मेंदूनं आजूबाजूचा रंग घेऊन तिथे ठिगळ लावलं, आणि ठिगळ लावल्याचं तुम्हाला कळूही दिलं नाही.

आमच्या धंद्यात जुनी डंपी लेव्हल असायची. जमिनीची उंचसखल पातळी मोजायची दुर्बीण. तिच्यातून समोरची पट्टी उलटी दिसते, आकडे डोक्यावर उभे. पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या दिवशी माझं डोकं गरगरलं होतं. पंधरा दिवसांनी आकडे उलटे आहेत हे लक्षातही येईना. अमेरिकेत स्ट्रॅटन नावाच्या प्राध्यापकानं १८९७ साली जग उलटं दाखवणारी भिंगं आठ दिवस डोळ्यावर बांधून हाच अनुभव घेतला. सुरुवातीला त्याचा हात भलतीकडेच जाई, पुढे सगळं अंगवळणी पडलं. तसं तर आपल्या डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र जन्मापासून उलटंच पडतं.

आपल्या धार जिल्ह्यात मांडूचा जहाज महाल आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधली, शंभर मीटरांहून लांब अशी दगडी इमारत. मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन गेलात तर विचारतात, "यात जहाज कुठाय?" श्रावणात न्या, काही सांगावं लागत नाही.

डोळ्यांचं झालं, कानांचं त्याहून नवल आहे. आणि ते आपल्या देवासचंच आहे. १७२८ मध्ये तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी इथे बस्तान बसवलं. पुढे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदली, दोन्हींना पंधरा-पंधरा तोफांची सलामी. परक्याला गाव एकच दिसायचं. आमच्या पणजोबांना भर बाजारात सरहद्द दिसायची. ती १९४८ मध्ये पुसली गेली. त्याच वर्षी कुमार गंधर्व देवासला राहायला आले. क्षयानं आजारी, एक फुप्फुस निकामी, गायची मनाई. पाचेक वर्षं त्यांनी गळा बंद ठेवला. कान मात्र उघडे होते. खिडकीबाहेरून माळवी बायकांची लग्नातली, सणावाराची, पावसाची गाणी ऐकू यायची. त्या तीन-चार सुरांच्या धुनांत त्यांना रागाचं बीज दिसलं. त्यातून मालवती, लगनगंधार असे 'धुनउगम' राग आले. 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये छापूनही आला.

आता जरा टोचेल असं बोलतो, रागावू नका. तीच गाणी आमच्या वाड्यातही ऐकू येत होती. आजी त्याला "बायकांचा गलका" म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. गणपतीनंतर पितृपक्षात शेजारच्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढून गात असत. आपल्याकडच्या भोंडल्याची सख्खी बहीणच ती! आम्ही दोनशे वर्षं शेजारी राहून ती ओळखली नाही. ज्याची मातृभाषा कानडी, त्यानं बेळगावकडून येऊन, खाटेवर पडून ओळखली. कान आमचेही धड होते.

इथवर दुसऱ्यांचं झालं. आता माझं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी धार जिल्ह्यात, निमाडात उतरणाऱ्या घाटाजवळच्या एका गावात रस्त्याकडेची नाली बांधायची होती. पावसाळा तोंडावर. लेव्हल त्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेली. मी उभा राहून बघितलं, उतार पश्चिमेला स्पष्ट दिसत होता. तिकडे तोंड ठेवा, पूर्वेचं टोक बंद करा, असं मिस्त्रीला सांगितलं. गावचे म्हातारे पटेल म्हणाले, "साहेब, पाणी पूर्वेला जातं." मी हसून म्हणालो, "बाबा, डोळ्यांना दिसतंय की!"

जूनअखेरीस तासभर पाऊस पडला. पाणी पूर्वेला गेलं, बंद टोकाशी तुंबलं आणि तीन घरांत शिरलं. एका विधवा बाईचा वर्षाचा गहू भिजला. दुसऱ्या दिवशी लेव्हल लावली. सव्वाशे मीटरांत पूर्व टोक अठ्ठावीस सेंटीमीटर खाली. मागचा डोंगर त्याच दिशेला तीव्र उतरत होता. त्याच्यापुढे रस्त्याचा मंद उतार चढ वाटत होता. क्षितिज कुठे दिसतच नव्हतं. लेहजवळच्या त्या प्रसिद्ध 'चुंबकीय टेकडी'वर गाडी चढावर आपोआप जाते म्हणतात, तिथेही हाच प्रकार आहे. चुंबकाचा काही संबंध नाही. पटेलांनी उतार पाहिला नव्हता, त्यांनी साठ पावसाळे पाणी पाहिलं होतं.

पूर्वेचं टोक फोडून पुढे नाल्यापर्यंत वाट काढली. गव्हाची दोन पोती मी माझ्या पैशानं नेऊन दिली. बाईनं ती घेतली, काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या महिन्यात त्या गावावरून गेलो. पाऊस चालू होता, गाडी थांबवून खाली उतरलो. कारण माहीत आहे, आकडा पाठ आहे. तरीही नाली मला पश्चिमेलाच उतरताना दिसते. पाणी आपलं मुकाट्यानं चढ चढून पूर्वेला जात होतं.