वजनकाटा आणि वारा



ट्रायथलॉनची तयारी करणारी मंडळी एकत्र जमली की पोहण्याचा आणि पळण्याचा विषय पाच मिनिटांत आटोपतो. मग तासभर चालतं ते सायकलचं वजन. कुणी कार्बनची चाकं घेतलेली असतात, कुणी बोल्ट बदलून पन्नास ग्रॅम उतरवलेले असतात. हाच गृहस्थ शर्यतीला पाण्याच्या दोन बाटल्या भरून, म्हणजे दीड किलो लादून निघतो. आणि निघायलाच हवं म्हणा!

आता हिशेब करू. एक किलो वजन हजार मीटर उंच चढवायला सुमारे 9,800 जूल ऊर्जा लागते. स्वार सलग 200 वॅट शक्ती लावत असेल, तर हे काम 49 सेकंदांचं. उतारावर त्यातलं थोडं परतही मिळतं. सपाटीवर तर आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधल्या सायकलच्या 180 किलोमीटरमध्ये या किलोपायी जाणारा वेळ मिनिटापर्यंतही पोचत नाही. हलकी सायकल चटकन वेग घेते, हे खरं. पण या शर्यतीत एकदा घेतलेला वेग तासन्‌तास टिकवायचा असतो.

मग दमछाक होते कशाने? वाऱ्याने. सपाटीवर ताशी 35 किलोमीटरने जाताना बहुतेक सगळी शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला शक्ती आठपट लागते. ही हवा सायकल थोडी अडवते, आपलं शरीर जास्त. म्हणून तर हँडलवरच्या एरोबारवर कोपरं टेकून, पाठ आडवी करून बसायचं. आयर्नमनमध्ये पुढच्याच्या आडोशाने जायलाही मनाई असते. ज्याचा वारा त्यानेच खायचा. रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत सायकल किमान 6.8 किलोची असावी लागते. आयर्नमनला ही अट नाही, तरीही तिथल्या सायकली त्याहून बऱ्याच जड असतात. बनवणाऱ्यांनी वजनापेक्षा वाऱ्याचा विचार आधी केलेला असतो.

अपवाद आहेत. 2023 मध्ये आयर्नमनची पुरुषांची जागतिक स्पर्धा फ्रान्समधल्या नीसला झाली. तिथे घाट चढायचे होते, हलकेपणाला किंमत होती. ऑलिंपिकमध्ये आडोशाने जायची मुभा असते, वळणावळणाला नव्याने वेग घ्यावा लागतो. तिथेही हलकेपणाला थोडी किंमत आहेच.

पण दुकानात काट्यावर सायकल ठेवली की आकडा लगेच दिसतो, वारा काही तोलता येत नाही. म्हणून आपण वजनाला पैसे मोजतो.

2019 पासून गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमन होते. तिथे उतरणार असाल तर आधी जाणकाराकडून सायकलवरची बैठक नीट बसवून घ्या, चांगले टायर घाला, आणि त्या बैठकीत तीन तास टिकायचा सराव करा. एवढं करून पैसे उरलेच, तर खुशाल हलकी सायकल घ्या.