खेळाडूचे ताट आणि दावतीचे जेवण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून अभ्यासावर बोलावे, शिस्तीवर बोलावे. व्यावसायिक फुटबॉलपटू काय खातात याच्याशी शाळेचा काय संबंध, असे कोणी विचारील. मी त्यांना एवढेच सांगेन की, १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या संघांचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, आणि ते पेशाने शाळामास्तर होते. तेव्हा मैदान आणि शाळा यांचे नाते जुने आहे.

दुसरे कारण आपल्या घरातलेच आहे. आपली मुले रात्र जागून परदेशातले सामने पाहतात. खेळाडूसारखे केस कापून घेतात, त्याच्या नावाची जर्सी घालतात. नक्कल करण्याचे वयच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नक्कल करायचीच तर त्याच्या ताटाचीही करावी. हे ताट जर्सीपेक्षा आणि बुटांपेक्षा स्वस्त पडते, हे मी आज आपल्याला दाखवणार आहे.

प्रथम खेळाडूच्या शरीराला काय काम पडते ते पाहू. मोठ्या सामन्यात मैदानी खेळाडू नव्वद मिनिटांत साधारण १० ते १३ किलोमीटर अंतर कापतो. हे अंतर तो एका लयीत धावत नाही. चालणे, धावणे, एकदम झेप घेणे, थांबणे, वळणे, उडी मारणे असे शेकडो वेळा चालते. या कामाचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. तिला शास्त्रात ग्लायकोजेन म्हणतात, आणि ती तयार होते आपण खाल्लेल्या भात, भाकरी, बटाटा, फळे अशा पिष्टमय पदार्थांपासून. १९७३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. ज्यांच्या स्नायूंतील हा साठा सामन्यापूर्वीच कमी होता, ते खेळाडू एकूण अंतर कमी धावले आणि उत्तरार्धात तर पुष्कळ वेळ नुसते चालत राहिले. टाकीत तेल कमी घालून मोटार लांबच्या प्रवासाला काढावी तसा हा प्रकार.

ही गोष्ट समजायला फुटबॉलच्या जगाला बराच काळ लागला. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे सामन्यापूर्वी मांसाचा मोठा भाजलेला तुकडा खाण्याची पद्धत होती. मांस खाल्ले की ताकद येते, असा साधा हिशेब. मांसाने स्नायूंची बांधणी होते हे खरे, पण ते पचायला वेळ लागतो, आणि दोन-तीन तासांनी धावायचे असेल तेव्हा ते इंधन म्हणून फारसे उपयोगी पडत नाही. १९९६ साली आर्सेन वेंगर हे फ्रेंच प्रशिक्षक इंग्लंडच्या आर्सेनल क्लबात आले. त्यापूर्वी ते जपानमधील नागोया येथे होते. तेथील लोकांचा भात, मासे आणि भाज्या हा आहार त्यांच्या मनात बसला होता. आर्सेनलमध्ये त्यांनी उकडलेल्या भाज्या, मासे, कोंबडी, भात आणि पास्ता आणला; मद्यपानाला आळा घातला; सामन्यापूर्वीचे चॉकलेट बंद केले. असे सांगतात की, सुरुवातीच्या एका प्रवासात खेळाडूंनी बसमध्ये, आमचे चॉकलेट परत द्या, असा एका सुरात गजर केला होता. मोठमोठे खेळाडूही खाऊच्या बाबतीत आपल्या चौथीच्या वर्गासारखेच असतात! पण १९९८ साली त्याच संघाने इंग्लंडमधील लीग आणि एफ. ए. कप या दोन्ही स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. हे यश केवळ उकडलेल्या भाज्यांचे होते असे मी म्हणणार नाही. मात्र त्यानंतर जेवणाकडे दुर्लक्ष करणे मोठ्या क्लबांना परवडले नाही.

आता आकडे पाहू. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. तिच्या शिफारशी २०२० साली प्रसिद्ध झाल्या. सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडूने शरीराच्या दर किलो वजनामागे ६ ते ८ ग्रॅम पिष्टमय अन्न घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. ७५ किलो वजनाच्या गड्याला हे ४५० ते ६०० ग्रॅम होतात. सगळे तांदळातून मिळवायचे म्हटले तर सहाशे ते पावणेआठशे ग्रॅम कच्चा तांदूळ शिजवावा लागेल. अर्थात तो भात, ब्रेड, फळे, दूध, रस असे मिळून हे प्रमाण भरून काढतो. सामन्याच्या दिवशी मुख्य जेवण तीन-चार तास आधी, पचायला हलके आणि कमी तेलाचे. सामन्यानंतर लगेच पुन्हा पिष्टमय पदार्थ, कारण रिकामा झालेला साठा भरून निघायला वेळ लागतो. प्रथिनांचे प्रमाण दिवसाला दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, आणि तेही एकदम न खाता दिवसभरात विभागून.

विद्यार्थी मित्रहो, हे आकडे पूर्ण वाढ झालेल्या, रोज सराव करणाऱ्या व्यावसायिकांचे आहेत. ते पाठ करून आईला वेठीस धरू नका. त्यातले तत्त्व तेवढे घ्या: जास्त मेहनतीच्या दिवशी भात-भाकरी जास्त, विश्रांतीच्या दिवशी थोडी कमी, प्रथिने रोज, तेलकट पदार्थ खेळाच्या तोंडावर नाहीत, पाणी दिवसभर.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एवढे मोजूनमापून खाणारा हा खेळाडू कधी चवीचे खातो की नाही? आणि खाल्ले तर त्याचे नुकसान होते का?

तो खातो. दोन उदाहरणे देतो. २०१५ साली इंग्लंडमधील लेस्टर सिटी या संघाचे प्रशिक्षक क्लाउडियो रानिएरी यांच्यापुढे एक अडचण होती. संघ जिंकत होता, पण प्रत्येक सामन्यात गोल खात होता. त्यांनी खेळाडूंना कबूल केले की, एका सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही, तर मी तुम्हाला पिझ्झा खाऊ घालीन. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तो सामना झाला, १-० असा. प्रशिक्षकांनी शब्द पाळला. पण उपाहारगृहात नेल्यावर खेळाडूंच्या हाती पीठ दिले आणि आपापला पिझ्झा आपणच करा म्हणून सांगितले. मेहनतीशिवाय काही मिळत नाही, पिझ्झासुद्धा नाही, हा त्यातला धडा. त्या हंगामात तो लहानसा संघ, ज्यात अल्जीरियाचा रियाद महरेज आणि फ्रान्सचा एन्गोलो कान्ते हे खेळाडू होते, इंग्लंडचा विजेता ठरला. पिझ्झाने त्यांचे काही बिघडले नाही. एकत्र बसून खाल्ल्याने संघ जवळ आला, हा फायदाच झाला. युरोपातील पुष्कळ क्लबांत आजही सामना संपल्यावर खेळाडूंना पिझ्झा मिळतो. दमल्यावर भूक मरते, साधे अन्न नकोसे वाटते. अशा वेळी जे पोटात जाईल ते उपयोगी.

दुसरे उदाहरण लिओनेल मेस्सीचे. २०१८ साली एका मुलाखतीत त्याने स्वतःच सांगितले की, विशी-बाविशीच्या वयात आपण अनेक वर्षे वाईट खात होतो. चॉकलेट, गोड बिस्किटे, थंड पेये हेच रोजचे झाले होते, आणि मैदानावर उलट्या होण्याचा त्रास त्याचाच परिणाम असावा असे त्याला वाटत होते. पुढे त्याने मासे, मांस, भाज्या, कोशिंबीर असा नीट आहार धरला. २०२२ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा कप्तान होता.

ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवा. लेस्टरचा पिझ्झा आणि मेस्सीचे चॉकलेट यांत फरक पदार्थाचा नाही. फरक आहे तो किती वेळा आणि केव्हा, याचा. खेळाडू न्याहारी, दोन जेवणे आणि मधले खाणे धरून आठवड्यातून तीसेक वेळा खातो. त्यातली एकोणतीस खाणी नीट असतील, तर तिसाव्याने आकाश कोसळत नाही. पण मुलगा रोज मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट आणि कोला घेत असेल, तर त्याला मेजवानी म्हणता येणार नाही. तो त्याचा आहारच झाला. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. घरी चहात पाच चमचे साखर घालणाऱ्या मुलाला आपण ओरडू; बाटलीतली दिसत नाही म्हणून चालते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. ईदचा शीरखुर्मा, लग्नाच्या दावतीतली बिर्याणी, शुक्रवारचे खास जेवण यांवरून मुलाला टोचू नका. आपल्या नात्यागोत्याचा तो गोडवा आहे. फक्त सामना दुपारी असेल तर बिर्याणी रात्री ठेवा. आणि दावतीतही पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही आपल्या पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण आठवावी.

रमजानचा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. २६ एप्रिल २०२१ रोजी लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्तानंतर, साधारण अर्ध्या तासाच्या खेळानंतर, प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने गोलकिक घेताना मुद्दाम थोडा वेळ खेळ थांबवला. वेस्ली फोफाना आणि चेकू कुयाते यांना रोजा सोडता यावा, म्हणून दोन्ही कप्तानांनी आणि पंचांनी आधीच तसे ठरवले होते. २०२३ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंचांना असा विराम देण्याची सूचनाच आहे. रोजा ठेवणारा खेळाडू आणि आहारशास्त्र यांचे वैर नाही. इफ्तारला खजूर आणि पाणी ही सुन्नतही आहे आणि रिकाम्या शरीराला लवकर साखर व पाणी देण्याचा उत्तम उपायही आहे. चूक होते ती नंतर. भजी, समोसे आणि सरबत यांवर पोट भरते आणि जेवण राहून जाते. सहरी टाळू नये. तीत भाकरी, अंडी, दही, डाळ असे टिकणारे अन्न असावे. इफ्तार ते सहरी पाणी थोडे थोडे पीत राहावे. कडक सराव त्या महिन्यात इफ्तारनंतर घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या रोजाबाबत शंका असेल तर डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारावे.

आता खर्चाचे. बाजारात प्रथिनांच्या पावडरीचे मोठमोठे डबे आले आहेत. मुलाच्या हट्टापायी उसनवारी करून ते घेणारे पालक मी पाहिले आहेत. युएफाच्या तज्ज्ञांचे म्हणणे आधी अन्न, मग पुरवणी, असे आहे. आणि अशा डब्यांत न छापलेले, खेळात बंदी असलेले द्रव्य मिसळलेले निघू शकते, हा धोका व्यावसायिकांनाही सांगितला जातो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. डाळ, हरभरे, फुटाणे, शेंगदाणे, दूध, दही, बांगडा, कोंबडी यांतूनच शाळकरी खेळाडूची गरज भागते. खेळाच्या आधी एक केळ आणि दोन खजूर यांपेक्षा भारी टॉनिक मला माहीत नाही.

आणि सकाळची गोष्ट. सरावाला येणाऱ्या कित्येक मुलांच्या पोटात नुसता चहा आणि बटर असतो. अर्ध्या तासात ती बसकण मारतात, आणि आपण म्हणतो, मुलगा आळशी आहे. तोच मुलगा पहिल्या तासाला फळ्याकडे शून्य नजरेने पाहतो, तेव्हा म्हणतो, बुद्धी नाही. आळसाचा आणि बुद्धीचा निवाडा करण्यापूर्वी त्याने काय खाल्ले ते विचारा. रात्रीची भाकरी आणि चटणी, एक अंडे, एक पेला दूध, यांतले जे जमेल ते पोटात घालून त्याला घराबाहेर पाठवा.

शेवटचा मुद्दा भगिनींपुढे, आणि त्याहून अधिक बंधूंपुढे मांडतो. मुलगा खेळतो म्हणून त्याच्या ताटात अंडे आणि मटणाचा चांगला तुकडा पडतो. मुलगी खेळत असो वा नसो, ती सर्वांनंतर जेवते आणि उरलेले खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे रक्तक्षय आढळला. आपल्या घरातली मुलगी त्या ५९ मध्ये आहे का, हे आपल्याला माहीत तरी आहे का? रक्तक्षय असलेली मुलगी मैदानात धापा टाकते आणि अभ्यासातही लवकर थकते. व्यावसायिक क्लबात गोल करणाऱ्याला आणि राखीव खेळाडूला एकाच भटारखान्यातून जेवण मिळते. आपल्या घरातही ताटे सारखी वाढा.

आपल्या शाळेतून व्यावसायिक फुटबॉलपटू किती निघतील, हे मी सांगू शकत नाही. फार थोड्यांच्या नशिबी ते असते. पण वेळेवर, पुरेसे आणि समजून खाण्याची सवय घेऊन मात्र प्रत्येक मूल येथून बाहेर पडू शकते. त्याला ना मोठे मैदान लागते, ना देणगी. उद्या सकाळपासून सुरुवात करता येईल.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.