दिव्यांग विद्यार्थी आणि ज्ञातीचे कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या अभिनंदनात मी मनःपूर्वक सहभागी आहे. परंतु ज्यांची नावे अशा यादीत सहसा येत नाहीत, त्यांच्याविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. बुद्धी आहे, कष्टाची तयारी आहे. पण दृष्टी अधू आहे, लिहिताना हात आखडतो, किंवा जुनाट आजार वरचेवर अंथरूण धरावयास लावतो, अशी मुले प्रत्येक ज्ञातीत असतात. आपल्यातही आहेत.

शाळेत गुरुजी सांभाळून घेतात. महाविद्यालयाच्या गर्दीत कोण कोणास ओळखतो? थॅलेसेमियाच्या तीव्र रुग्णास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. कारण ठाऊक नसेल तर कमी उपस्थितीमुळे तो विद्यार्थी उनाड ठरतो.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ वाट मोकळी केली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश झाला. प्रमाणित दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. लेखी परीक्षेत दर तासास किमान २० मिनिटे अधिक द्यावीत, असे केंद्र शासनाने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. पुढे, लिहिताना हातास पेटके येणाऱ्या एका उमेदवारास लोकसेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, तेव्हा ४० टक्क्यांची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला. यादीत नसलेल्या आजारांतही मार्ग निघतो. मधुमेही विद्यार्थ्यांस परीक्षागृहात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली दिली होती.

कोणी विचारतील, हा इतर मुलांवर अन्याय नव्हे काय? प्रश्नपत्रिका तीच, तपासणी तीच, उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याने गुण चोरले, असे आपण म्हणत नाही. लेखनिक आणि वाढीव वेळ यांचे काम चष्म्यासारखेच आहे.

मग अडते कोठे? बंधुभगिनींनो, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुष्कळदा ते आपल्या उंबरठ्याच्या आत अडते. मुलीचे लग्न जमणार नाही, थोरल्याच्या सोयरिकीत विघ्न येईल, या भयाने आईबाप प्रमाणपत्रच काढीत नाहीत. मूल मुकाट्याने मागे पडते आणि शेवटी शिक्षण सोडून घरी बसते. हे भय निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कारण सोयरीक जुळविताना तशा कुजबुजी करणारे आपणच आहोत. म्हणून हे भय घालविण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

या दृष्टीने मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली : शासकीय रुग्णालयातील तपासणी, प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र यांसाठी कुटुंबाबरोबर जाणारे दोन जाणते कार्यकर्ते नेमावेत; त्यांनी ऐकलेले कोठेही बोलू नये. दुसरी : शिक्षणनिधीतून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांचे ध्वनिमुद्रण करवून घ्यावे आणि आपल्या शिकलेल्या तरुणतरुणींनी वाचनास पुढे यावे. तिसरी : पारितोषिक देताना केवळ टक्केवारी न पाहता विद्यार्थी कोणत्या परिस्थितीतून शिकला, हेही पाहावे.

पालकांस विनंती एवढीच की, प्रवेश मिळताच प्राचार्यांकडे वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. लेखनिकाचे नियम वेळोवेळी बदलतात. ते विद्यापीठाकडून आधीच विचारून घ्यावेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी केलेली धावपळ बहुधा व्यर्थ जाते.

ज्या ज्ञातीत आजारी मुलाचे नाव उघडपणे घेता येते, ती ज्ञाती मी पुढारलेली मानीन.